पदकांचा फलक आणि पालकांचा हिशेब

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे. २०३६ चे ऑलिंपिक भारतात व्हावे, अशी इच्छा आपण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला ऑक्टोबर २०२४ मध्ये लेखी कळविली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा संमत केला. एरवी वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर राहणारा हा विषय आता धोरणाच्या आणि अंदाजपत्रकाच्या चर्चेत आला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि ही सारी चर्चा स्टेडियम, महासंघ आणि मंत्रालय यांच्याभोवती फिरते. ज्या खेळांत पाया वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी घातला जातो, त्यांचे भवितव्य दिल्लीत ठरत नाही. ते एखाद्या मध्यमवर्गीय घरात, जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, शाळेची फी, रिक्षाचे भाडे आणि आईच्या कचेरीची वेळ यांचा मेळ घालताना ठरते. जिम्नॅस्टिक्स हा अशा खेळांत अग्रभागी आहे.

मुलीला जिम्नॅस्टिक्सच्या कोणत्या केंद्रात घालावे, हा प्रश्न वरवर पाहता खाजगी आणि काहीसा किरकोळ वाटेल. शरीर लवचीक व्हावे, मूल टीव्हीसमोरून उठावे, एवढाच हेतू असेल तर तो किरकोळ आहेही. घराजवळचा कोणताही बरा वर्ग त्यासाठी पुरेसा होतो. परंतु दोनेक वर्षांनी प्रशिक्षक एके दिवशी पालकांना बाजूला घेऊन, 'मुलीत गुण आहेत, तिला स्पर्धेच्या गटात घेऊ या' असे सांगतात, त्या क्षणी प्रश्नाचे स्वरूप पालटते. आठवड्याचे तीन तास बारा किंवा पंधरा होतात, शाळेचे वेळापत्रक वाकवावे लागते, आणि मुलाचे शरीर व मन यांवरील बराचसा अधिकार आपण एका परक्या माणसाच्या हाती सोपवितो. हा व्यवहार कशाच्या आधारे करावा, याचा विचार अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही महत्त्वाचा वाटावा असा आहे; कारण ग्राहकाला मालाची पारख करता येत नाही अशा बाजाराचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

व्यायामशाळेकडून अकादमीकडे

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला शास्त्रशुद्ध रूप दिले, आणि पुढे गावोगावच्या आखाड्यांनी व व्यायामशाळांनी ती परंपरा जोपासली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. अमरावतीच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली होती. या संस्था लोकवर्गणीवर आणि कार्यकर्त्यांच्या निरपेक्ष श्रमावर उभ्या राहिल्या. फी नाममात्र असे, आणि मैदान बहुधा उघडे असे. तेथे काय चालले आहे, कोण कोणाला काय शिकवितो आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना दिसे.

त्या काळाचे अवास्तव गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या आखाड्यांतही वस्तादाचा हात चाले, आणि मुलींना तर कित्येक ठिकाणी प्रवेशच नव्हता. तथापि, उघडेपणा हा तिचा एक गुण होता आणि तो आज आपण हरवीत चाललो आहो. आधुनिक जिम्नॅस्टिक्सला बंदिस्त सभागृह लागते, महागडी साधने लागतात. मुलींच्या कलात्मक प्रकारात व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम आणि फ्लोअर अशी चार साधने, तर मुलांच्या प्रकारात सहा. बीम म्हणजे पाच मीटर लांब, अवघी दहा सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच अशी पट्टी. तिच्यावर कोलांटी शिकवायची तर खाली जाड मॅट हव्यात, बाजूला आधार देणारा जाणता माणूस हवा. हा खर्च वर्गणीतून निघत नाही, म्हणून शहरांतून खाजगी अकादम्या उभ्या राहिल्या. त्यांत गैर काही नाही. मात्र संस्थेच्या जागी बाजार आला की संस्थेच्या विश्वासाच्या जागी ग्राहकाची चौकसबुद्धी यावी लागते, आणि ती आपल्याकडे अद्याप आलेली नाही.

फलकावर नसलेली नावे

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक आहेत आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात चांगल्या मालाला योग्य किंमत मिळत नाही आणि वाईट माल टिकून राहतो. घेणारा मग कोणत्या तरी बाह्य खुणेवर विसंबतो. जिम्नॅस्टिक्सच्या केंद्रात ही खूण म्हणजे प्रवेशद्वाराजवळचा पदकांचा फलक.

हा फलक खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो. राज्य पातळीवर पदक मिळविणाऱ्या चार मुलींची नावे त्यावर असतात. त्यांच्याबरोबर त्याच वर्षी दाखल झालेल्या बाकीच्या मुली कोठे गेल्या, हे त्यावर नसते. कोणी दुखापतीने सोडले, कोणी कंटाळून, कोणी प्रशिक्षकाच्या बोलण्याने दुखावून, तर कोणी पैसे न परवडल्याने. शंभरांतून चार घडविणारे केंद्र आणि दहांतून चार घडविणारे केंद्र, दोघांचेही फलक सारखेच दिसतात. कोणत्याही अपूर्णांकाला छेद असतो हे शाळेत शिकविले जाते. फलकावर फक्त अंश लिहिलेला असतो. म्हणून पालकाने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की पाच वर्षांपूर्वी जी मुले स्पर्धेच्या गटात होती, त्यांतली आज किती येथे आहेत, आणि गेलेल्यांपैकी दोन-तीन पालकांशी बोलता येईल काय? या प्रश्नावर केंद्रचालकाची मुद्रा कशी होते, यावरूनही पुष्कळ कळते.

दुसरी गोष्ट जमाखर्चाची. अशा केंद्राचे भाडे, साधने आणि पगार हे मुख्यतः हौशी वर्गातील मुलांच्या फीवर चालतात. लौकिक मात्र स्पर्धा गटातील मोजक्या मुलांमुळे मिळतो, आणि तो लौकिक पाहून पुन्हा हौशी मुले येतात. म्हणजे बहुसंख्यांचा पैसा आणि अल्पसंख्यांची पदके असे हे चक्र आहे. चालकाचे हित दोन्हींत आहे. पण आपल्या मुलीचे स्थान या चक्रात नेमके कोठे आहे, हे पालकाने जाणून घ्यायला हवे. स्पर्धा गटात नाव घातले म्हणून वाढीव फी घेतली जाते आणि प्रत्यक्ष लक्ष मात्र पहिल्या दोन मुलींकडेच असते, असे घडू शकते. प्रशिक्षकामागे मुले किती, हा आकडा म्हणूनच फलकापेक्षा अधिक बोलका होय.

आगरतळ्याचा दाखला

झगमगीत सभागृह म्हणजे चांगले केंद्र, हा समज दीपा कर्माकरच्या उदाहरणाने दूर व्हावा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत ती १५.०६६ गुणांनी चौथी आली, कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. ती घडली ती मुंबईत वा दिल्लीत नव्हे, तर त्रिपुरातील आगरतळ्यात. सोमा नंदी आणि त्यानंतर बिश्वेश्वर नंदी या प्रशिक्षक दांपत्याच्या हाताखाली तिने वयाच्या सहाव्या वर्षापासून धडे गिरविले. तळपाय सपाट असल्याने या खेळाला ती प्रतिकूलच समजली जायची, आणि सुरुवातीच्या काळात जुन्या स्कूटरचे भाग जोडून व्हॉल्टचे साधन उभे करावे लागले होते.

या कहाणीतून 'साधने नसली तरी चालतात' असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मॅट आणि आधार यांची उणीव या खेळात जीवघेणी ठरू शकते. त्यातला खरा बोध निराळा आहे, आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. दीपाचे वडील स्वतः भारतीय क्रीडा प्राधिकरणात भारोत्तोलनाचे प्रशिक्षक होते. चांगला प्रशिक्षक कसा असतो, सराव किती असावा, कोणावर भरवसा ठेवावा, हे त्यांना आतून ठाऊक होते. ज्या माहितीच्या अभावी सामान्य पालक फलकावर विसंबतो, ती माहिती त्या घरात होती. शिक्षक, कारकून वा दुकानदार यांच्या घरात ती नसते. म्हणून ती विचारून, पाहून, पडताळून मिळवावी लागते.

'नको' म्हणण्याची मुभा

ही माहिती कसली असावी? प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : या केंद्रात मुलाला 'नको' म्हणता येते काय? या खेळाच्या इतिहासातील दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येईल.

सोव्हिएत संघाची एलेना मुखिना १९७८ ची विश्वविजेती. १९७९ मध्ये तिचा पाय मोडला. तो पुरता सांधण्याआधीच तिला सरावाला उतरविण्यात आले, कारण मॉस्को ऑलिंपिक तोंडावर होते. फ्लोअरवरील एक अत्यंत धोकादायक उडी आपल्याला करू नका, आपली मान मोडेल, असे आपण सांगत होतो, असे तिने पुढे मुलाखतीत सांगितले. ३ जुलै १९८० रोजी, ऑलिंपिकला जेमतेम पंधरा दिवस उरले असताना, मिन्स्कमधील सरावात तीच उडी घेताना ती मानेवर पडली आणि वयाच्या विसाव्या वर्षी मानेखालचे सर्व शरीर लुळे झाले. २००६ मध्ये तिचा मृत्यू झाला.

चार दशकांनंतरची टोकियोतील घटना अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिली. २०२१ च्या जुलैत अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम फेरीत एक व्हॉल्ट घेतला, हवेत असताना आपल्या शरीराचे भान सुटते आहे हे तिने ओळखले, आणि ती स्पर्धेतून बाहेर पडली. तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. देशाचे सुवर्ण गेले, असे म्हटले गेले. परंतु ती चालत घरी गेली. आणि २०२४ मध्ये पॅरिसला येऊन तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य अशी पदके मिळविली. मुखिना आणि बाइल्स या दोघींनाही धोका कळला होता. एकीचे म्हणणे ऐकले गेले नाही आणि दुसरीने ते ऐकायला लावले, एवढाच दोघींतला फरक. पण तो एका संपूर्ण आयुष्याएवढा आहे.

आपल्याकडील केंद्रांत हा प्रश्न ऑलिंपिकच्या पातळीवर येत नाही. तो मनगटाच्या दुखण्याच्या रूपात येतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ वाढीचा थर असतो, आणि हातांवर भार पेलणाऱ्या या खेळात मनगटाजवळच्या त्या थराला इजा होते, हे क्रीडावैद्यकात सुपरिचित आहे. नऊ वर्षांची मुलगी 'सर, मनगट दुखते' म्हणते, तेव्हा सर काय करतात? बार्सचा सराव थांबवून डॉक्टरांकडे पाठवितात, की 'सगळ्यांचेच दुखते' म्हणून पुन्हा रांगेत उभे करतात? केंद्राची परीक्षा या एका क्षणात होते. ज्या मुलीला दोन-तीनदा गप्प बसविले गेले, ती चौथ्या वेळी सांगतच नाही. आणि पुढे केवळ मनगटाबद्दलच नव्हे, तर कशाबद्दलच सांगत नाही.

बंद दारांचा धडा

हे शेवटचे वाक्य अतिशयोक्तीचे वाटणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथील राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींवर लैंगिक अत्याचार केले. सप्टेंबर २०१६ मध्ये इंडियानापोलिसच्या एका दैनिकाने हे प्रकरण उजेडात आणले. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक मुली व स्त्रियांनी उभे राहून आपली कैफियत मांडली, आणि त्याला ४० ते १७५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. १९९७ मध्येच एका मुलीने आपल्या प्रशिक्षिकेला सांगितले होते, हेही पुढे उघड झाले. डिसेंबर २०२१ मध्ये ३८ कोटी डॉलरची भरपाई ठरली.

या प्रकरणातील दोन गोष्टी भारतीय पालकांनी विशेष लक्षात घ्याव्यात. राष्ट्रीय संघाची शिबिरे टेक्ससमधील ज्या दूरस्थ ठिकाणी होत, तेथे आईवडिलांना प्रवेश नसे. तेथील शिस्त इतकी कठोर होती, की मुलींना गुपचूप खाऊ देणारा, हसून बोलणारा हा डॉक्टरच त्यांना एकमेव आपला माणूस वाटे. कठोरतेने मुलींना एकटे पाडले आणि त्या एकटेपणाचा लाभ नराधमाने घेतला. दुसरी गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे : काही वेळा तर आई त्याच खोलीत बसलेली असताना हे प्रकार घडले आणि तिला कळले नाही. म्हणजे पालकाचे डोळे आवश्यक आहेत, पण ते पुरेसे नाहीत. मुलाला घरी येऊन काहीही सांगता आले पाहिजे, आणि ते सांगितल्यावर केंद्राच्या बाहेरचा कोणी तरी ते ऐकून घेणारा असला पाहिजे.

ब्रिटनमध्ये ॲन व्हाइट या ज्येष्ठ विधिज्ञांनी केलेल्या चौकशीचा अहवाल जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्याकडे चारशेहून अधिक निवेदने आली. त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक निवेदनांत प्रशिक्षकांकडून झालेल्या शारीरिक छळाचा, तर निम्म्याहून अधिक निवेदनांत मानसिक छळाचा उल्लेख होता. वारंवार वजन करणे, खाण्यावरून अपमान करणे, दुखापतीवर सराव करायला लावणे, हे प्रकार तेथे 'शिस्त' या नावाने रूढ झाले होते. अर्धपोटी राहून कसून सराव करणाऱ्या मुलींची मासिक पाळी लांबते आणि हाडे ठिसूळ होतात, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच दाखविले आहे. तेव्हा केंद्रात मुलींना रांगेत उभे करून वजनकाट्यावर चढविले जात असेल, तर पालकाने ती उच्च दर्जाची खूण न समजता धोक्याची समजावी.

घाई कशाची?

या साऱ्यावर एक ठरलेले उत्तर मिळते : 'आत्ता नाही केले तर पुढे होणार नाही, हा लहान मुलींचा खेळ आहे.' १९७६ मध्ये माँट्रियल येथे नादिया कोमानेचीने चौदाव्या वर्षी पैकीच्या पैकी दहा गुण मिळविले आणि गुणफलकाला तो आकडा दाखविता न आल्याने त्यावर १.०० असे उमटले, तेव्हापासून ही समजूत जगभर रुजली. परंतु नियम तेथेच थांबलेले नाहीत. स्पर्धेच्या वर्षात मुलीला सोळा वर्षे पूर्ण व्हायला हवीत, अशी अट महिलांच्या ज्येष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी १९९७ पासून आहे. पॅरिसमध्ये बाइल्स सत्तावीस वर्षांची होती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियोत आठव्या ऑलिंपिकला उतरली, ती शेहेचाळिसाव्या वर्षी. खुद्द दीपाने २०२४ मध्ये ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्ण मिळविले, ते तिशीत. पाया लहानपणी घालावा लागतो, हे खरे. पण आठव्या वर्षी दहाव्या वर्षाची कसरत झालीच पाहिजे, ही घाई खेळाची नसून कोणाच्या तरी फलकाची असते. अमेरिकेतील क्रीडावैद्यकतज्ज्ञांच्या २०१५ च्या एका अभ्यासात असे आढळले, की ज्या मुलांचा आठवड्याचा संघटित सराव त्यांच्या वयाच्या वर्षांहून अधिक तासांचा होता, त्यांच्यात अतिश्रमाच्या गंभीर दुखापतींचा संभव अधिक होता. हा नियम काटेकोर नसेल; पण आठ वर्षांच्या मुलीला आठवड्याचे अठरा तास सांगणाऱ्या केंद्राला कारण विचारण्याइतका आधार त्यात निश्चित आहे.

घाईला आपल्याकडे आणखी एक कारण आहे, आणि ते मान्य करण्यात संकोच नसावा. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. नोकऱ्यांच्या टंचाईत पालकाने याचा विचार करणे स्वाभाविक आहे. पण त्यामुळे प्रमाणपत्रालाच बाजारभाव येतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, ती याच भावापोटी. जे केंद्र दारातच आरक्षणाची भाषा बोलते, ते खेळ विकत नसून कागद विकत आहे, असे समजावे.

आणि शेवटी बुडीत खर्चाचा मोह. पाच वर्षे पैसे घातले, आईने बढती नाकारली, आता कसे सोडायचे, असा विचार केला जातो. झालेला खर्च परत येणार नसेल तर पुढचा निर्णय घेताना तो मोजू नये, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र. परंतु सर्वांत अवघडही तेच. मुलीला तो खर्च आपल्या डोक्यावरचे कर्ज वाटू लागले, की ती 'नको' म्हणण्याचा हक्क घरातही गमावते.

निवड म्हणजे काय

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. संस्थेचा दर्जा घसरला तर सभासदापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. मुंबई-पुण्यात चार केंद्रे असतात, म्हणून बाहेर पडता येते. जिल्ह्याच्या गावी एकच केंद्र असते. तेथे आवाज हाच मार्ग उरतो. पालकाने केंद्र निवडताना हे दोन्ही मार्ग उघडे आहेत ना, एवढे पाहिले तरी अर्धे काम झाले.

ते कसे पाहावे? वर्षाची फी एकरकमी आणि ना-परतावा असेल, तर बाहेर पडण्याचा मार्ग पहिल्याच दिवशी बंद केलेला आहे; मासिक वा तिमाही फी बरी. पालकांना सराव पाहू देतात काय? रोज नव्हे, पण पूर्वसूचना न देता केव्हाही गेले तर दार उघडते काय? प्रशिक्षकाने पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका वा तत्सम शिक्षण घेतले आहे काय, आणि प्रथमोपचार जाणणारा माणूस सरावाच्या वेळी हजर असतो काय? दुखापतीनंतर सराव पुन्हा केव्हा सुरू करायचा हे डॉक्टर ठरवितात की सर? परगावी स्पर्धेला जाताना मुलींबरोबर जबाबदार स्त्री असते काय, आणि निवासाची व्यवस्था पालकांना आधी कळते काय? केंद्रात शिकविला जातो तो कलात्मक, तालबद्ध, ट्रॅम्पोलीन की ॲरोबिक प्रकार, आणि त्यांपैकी ॲरोबिक ऑलिंपिकमध्ये नाही, हे पालकांना स्पष्ट सांगितले जाते काय? या प्रश्नांसाठी खेळाचे ज्ञान लागत नाही. शाळेत प्रवेश घेताना जेवढी चौकशी आपण करतो, तेवढीच येथे करायची आहे.

चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी दुखावत नाही, हेही सांगितले पाहिजे. अल्प पगारावर, भाड्याच्या जागेत, रोज संध्याकाळी चाळीस मुलांच्या पाठी सांभाळणारे अनेक प्रामाणिक शिक्षक या राज्यात आहेत. सर्वांकडे संशयाने पाहणे त्यांच्यावर अन्याय होईल. परंतु चौकशी न करणाऱ्या बाजारात याच माणसांचे सर्वाधिक नुकसान होते. कारण त्यांच्या सावधपणाला फलकावर जागा नसते, आणि शेजारचा उतावळा प्रशिक्षक दोन पदके अधिक दाखवून त्यांची मुले घेऊन जातो.

शासनाचे कर्तव्य

एकट्या पालकाच्या चौकसपणावर सारे सोडून चालणार नाही. नव्या कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी धोरणाची तरतूद आहे. परंतु त्याचा रोख मुख्यतः राष्ट्रीय क्रीडा संघटनांवर आहे. गल्लीतील सभागृह भाड्याने घेऊन जिम्नॅस्टिक्सचा वर्ग उघडणाऱ्यासाठी देशव्यापी परवान्याची पद्धत आपल्याकडे नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळविणे हा गुन्हा आहे, आणि तो प्रशिक्षकांनाही लागू आहे. पण किती केंद्रांच्या भिंतीवर ते लिहिलेले आढळते?

जिल्हा क्रीडा कार्यालयाने आपल्या हद्दीतील केंद्रांची नोंदवही ठेवावी. तीत प्रशिक्षकांची अर्हता, साधनांची स्थिती, दरवर्षी दाखल झालेल्या व सोडून गेलेल्या मुलांची संख्या आणि गंभीर दुखापती नोंदवाव्यात, व ती कोणालाही पाहता यावी. तक्रार ऐकणारा अधिकारी केंद्राशी संबंध नसलेला असावा. यासाठी नवे मंत्रालय लागत नाही आणि स्टेडियमच्या खर्चाचा शतांशही लागणार नाही. माहिती उघड झाली की बाजार आपोआप थोडा शहाणा होतो, आणि चांगल्या केंद्राला त्याच्या चांगुलपणाचे मोल मिळू लागते.

२०३६ च्या ऑलिंपिकमध्ये ज्या मुली सोळा-अठरा वर्षांच्या असतील, त्या आज सहा ते आठ वर्षांच्या आहेत. त्यांपैकी एखादीच तेथवर पोहोचेल. उरलेल्या हजारो मुली शिक्षिका, परिचारिका, अभियंत्या, आया होतील. त्या एकीसाठी केंद्र चांगले असावे, हे तर खरेच; पण त्या हजारोंनी केंद्र सोडताना धड मनगटे, सरळ पाठ आणि स्वतःच्या शरीराचे ऐकण्याची सवय बरोबर नेली की नाही, यावरच त्या केंद्राची खरी किंमत ठरते. पालकांनी हिशेब मांडावा तो याचा.